आयोडीनचा थेंब

कागद वाचल्याशिवाय मी कुणाला सही करू देत नाही. तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पंचवीस वर्षं तिथे बसून मी लोकांचे कागद पाहतेय. वाटणीपत्रातून बहिणीचं नाव गाळलेलं, मेलेल्या माणसाचा अंगठा उठलेला, कोऱ्या कागदावर सही घेऊन मजकूर मागाहून छापलेला, असलं सगळं माझ्या मशीनखालून गेलंय. मी संशयी आहे असं लोक म्हणतात ते खोटं नाही, आणि मला त्याची लाजही वाटत नाही. माझं लग्न झालं नाही तेसुद्धा याच गुणापायी, असं आमच्या बापूंचं मत आहे.

त्यामुळे दवाखान्यातल्या पोरीने बापूंपुढे चोवीस पानांचं संमतीपत्र ठेवलं, तेव्हा त्यांचा हात पेनाकडे जायच्या आत मी ते कागद माझ्याकडे ओढून घेतले.

बापू म्हणजे माझे वडील. वय पंचाहत्तर. आई गेल्यापासून शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या घरात आम्ही दोघंच असतो. बापूंनी सगळा जन्म टॉवेलच्या कारखान्यात काढला, पण मागावर नाही, धुलाई खात्यात. सूत मागावर तुटू नये म्हणून विणण्याआधी त्याला पिठाची खळ देतात. आमच्या तेलुगू घरात तिला गंजी म्हणतात. विणून झालं की ती सगळी धुऊन काढावी लागते, नाहीतर टॉवेल पाणी पीत नाही आणि रंगही धरत नाही. खळ पुरती निघाली की नाही हे बापू ठरवायचे. कापडाचा तुकडा घ्यायचा, त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकायचा. थेंब पिवळा राहिला तर माल पुढे, निळा झाला तर परत हौदात. आपल्या थेंबापुढे मालकाचंही चालत नसे, हे बापू अजून पाहुण्यांना सांगतात.

दहा वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही हातांची बोटं बधिर झाली आणि मनगटांची ऑपरेशनं झाली. ओले टॉवेल पिळून पिळून झालं असेल, असं आम्ही धरून चाललो. मग अलीकडे पाय सुजायला लागले. घराच्या चार पायऱ्या चढताना दम लागायला लागला. तपासण्यांवर तपासण्या झाल्या, आणि शेवटी हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. अंगात तयार होणारं एक प्रथिन असतं, त्याची घडी बिघडते, आणि ते हृदयाच्या भिंतींत साठत जातं. भिंती जाड होतात, ताठ होतात. मनगटांचं ते दुखणंही त्यातलंच असणार, म्हणाले. आजाराचं नाव अमायलॉइडोसिस.

"त्याचा अर्थ काय हो, डॉक्टरसाहेब?" बापूंनी विचारलं.

"अमायलॉइड म्हणजे स्टार्चसारखं," डॉक्टर म्हणाले. "नुसतं नाव तसं आहे हं. ते स्टार्च नाही."

ही शेवटची दोन वाक्यं आम्हा दोघांच्याही डोक्यात शिरली नाहीत. बापू माझ्याकडे बघून हसले. "गंजी गं. जन्मभर दुसऱ्यांची काढली, आन् माझीच आत राहिली की."

मला हसू आलं नाही. घरी आल्यावर मी साबुदाणा बंद केला, भाताची पेज बंद केली, बटाटा बंद केला. बापूंच्या सदऱ्यांना खळ घालायची तीही बंद केली. ती कातडीतून आत जाते असं मी म्हणत नाही, पण विषाची परीक्षा कशाला घ्या.

या आजारावर एका नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे आणि बापू त्यात बसतात, असं डॉक्टरांनी पुढच्या खेपेला सांगितलं. तेव्हाच ती चोवीस पानं समोर आली. मी ती दुकानात नेली, दोन दिवस वाचली, आणि तिसऱ्या दिवशी पानोपानी पेन्सिलीच्या खुणा करून त्या पोरीसमोर जाऊन बसले. अभ्यासाचं सगळं काम तीच बघायची. मूळची वळसंगची, पंचविशीची, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्यांचं मला पहिल्यापासून वावडं आहे.

"अर्ध्या लोकांना औषध आणि अर्ध्यांना नुसती तशी दिसणारी गोळी. बरोबर?"

"हो काकू. पण आधीची औषधं सगळ्यांची चालूच राहतात."

"बापूंना यातली कुठली?"

"ते कॉम्प्युटर ठरवतो. आम्हाला कळत नाही."

"डॉक्टरांना?"

"त्यांनापण नाही की."

"मग कळतं कुणाला?"

त्याची यादी दुसरीकडे असते, ती म्हणाली, आणि अभ्यास संपेपर्यंत ती उघडत नाहीत. अगदीच जिवावर बेतलं तर गोष्ट वेगळी. हे उत्तर मी तहसीलमध्ये हजारदा ऐकलंय. साहेबांनाही माहीत नाही, सगळं वरून येतं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे माझ्या मनाने तिथेच घेतलं.

सही कॅमेऱ्यासमोर करायची होती. बापूंनी केसांना पाणी लावून भांग पाडला आणि शाळेतल्या मुलासारखे सरळ बसले. डॉक्टरांनी एकेक मुद्दा समजावून सांगितला, बापूंनी एकेकाला मान हलवली. कधीही बाहेर पडता येईल हे माहीत आहे ना, असं विचारल्यावर म्हणाले, "व्हय, माहीत हाय. मला समजलंय सगळं. मी माझ्या मनानं यात येतोय. कुनाची जबरदस्ती न्हाय."

रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "बापू, तुम्हाला खोटी गोळी मिळाली तर?"

"मिळू दे की. रंग लावताना शेजारी एक कोरा तुकडा ठेवावाच लागतो. त्याच्याशी जुळवल्याबिगर रंग किती चढला कसं कळनार?"

"तुम्ही काय कापडाचा तुकडा आहात?"

"आता या वयात दुसरं काय राहिलंय गं," म्हणाले, आणि रिक्षावाल्याला वळण दाखवायला लागले.

त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. डबीवर बापूंचं नाव नव्हतं, नुसता नंबर होता. दर भेटीला गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या परत मागायचे. औषध संपल्यावर पट्ट्यांचं यांना काय करायचंय? ती पोरगी दर आठवड्याला फोन करून विचारायची, आजोबा जेवतात का, झोपतात का, चक्कर येते का. माझ्या सख्ख्या मावशीने कधी एवढी चौकशी केली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या दूर ठेवून त्यांच्यामध्ये बापूंना सहा मिनिटं चालायला लावायचे, आणि किती मीटर झाले ते ती लिहून घ्यायची. एकदा बाहेरगावचा एक टायवाला माणूस बापूंची फाईल पान उलटून उलटून वाचत बसलेला दिसला. हा कोण आमची फाईल वाचणारा? "आम्ही सगळं बरोबर लिहितो का ते तपासायला येतात," पोरगी म्हणाली. मी म्हटलं, "म्हणजे चोरावर मोर." ती हसली. मी विनोद केला नव्हता.

तीन महिने गेले. बापूंचा दम वाढला नाही, पण कमीही झाला नाही. "हाय तसं हाय, हेच लई," बापू म्हणायचे. मला ते पटेना. खरं औषध असतं तर काहीतरी फरक दिसला असता, नाही का?

एका सकाळी, नळाला पाणी यायचा दिवस होता, मी पाणी भरून मोकळी झाले होते आणि बापू न्हाव्याकडे दाढी करून घ्यायला गेलेले होते. त्यांच्या गोळ्या मी रोज वाटीत काढून ठेवते. त्या दिवशी अभ्यासातली गोळी हातात घेतली आणि ती वाटीत टाकायच्या आधी माझी नजर फळीवर गेली. आयोडीनची बाटली बापूंनी निवृत्त होतानाच घरी आणली होती. अजून अधूनमधून मेडिकलमधून टिंक्चर आणून ती भरून ठेवतात, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. मी गोळी स्टीलच्या ताटलीत ठेवली, वाटीच्या बुडाने चिरडली, आणि त्या भुकटीवर एक थेंब सोडला.

निळा. निळा कसला, जवळजवळ काळाच.

मी खाली बसले. ज्या थेंबावर बापूंनी आयुष्यभर गाड्या भरभरून माल परत पाठवला, तो थेंब खोटं बोलणार नव्हता. म्हणजे ही पिठाची गोळी होती. म्हणजे ज्या माणसाच्या हृदयात गंजी साठतेय, त्याला हे लोक रोज सकाळी आणखी गंजी खाऊ घालत होते, आणि मी मेली साबुदाणा बंद करून बसले होते.

बापूंना मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते त्या पोरीला विचारायला गेले असते, ती गोड बोलली असती, आणि हे दुसऱ्या दिवशी परत गोळी गिळून बसले असते. दिलेला शब्द मोडायचा नाही हा त्यांचा हट्ट मला माहीत आहे. म्हणून मी माझ्यापुरता मार्ग काढला. रोज सकाळी पट्टीतली एक गोळी काढायची, मोरीत टाकायची, वर तांब्याभर पाणी ओतायचं. वाटीत सहाच्या जागी पाच. बापूंनी कधी वाटीत पाहिलंच नाही. माझ्या हातून आलंय म्हटल्यावर कशाला पाहतील? सगळ्या एकदम तोंडात टाकायचे आणि पाणी प्यायचे.

पुढच्या भेटीला मी रिकाम्या पट्ट्या नेऊन दिल्या. पोरीने त्या मोजल्या आणि म्हणाली, "काकू, तुमच्यासारखं चोख कुणाचंच नसतं बघा." चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटलं, हिला कळलंय आणि ही मुद्दाम बोलतेय. पण ती पुढच्या कागदाकडे वळली. त्या दिवशी व्हरांड्यात बापू दोनदा थांबले. एकदा भिंतीला हात लावून उभे राहिले. सहा मिनिटांत आधीपेक्षा बरंच कमी अंतर झालं. डॉक्टरांनी आकडा बघून विचारलं, "गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

"हो," मी म्हटलं, कारण बापू मान हलवत होते.

घरी येताना मला वाईट वाटत होतं, पण त्यातही एक समाधान होतं, ते आज लपवत नाही. बघा, म्हटलं, पिठाच्या गोळीवर भरवसा ठेवून माणूस खचत चाललाय आणि हे आकडे लिहून घेतायत. बापूंचा दम वाढलाय याला मी कारण असेन, हे माझ्या मनाला शिवलंही नाही. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माझ्या डोळ्यांना घरातलं माणूस तेवढं दिसलं नाही.

तीन दिवसांनी दुकानात फार्मसी कॉलेजची एक मुलगी प्रोजेक्ट बाइंड करायला घेऊन आली. पानं लावताना वाचायची मला सवयच आहे. एका पानावर गोळीत काय काय असतं त्याचा तक्ता होता. औषध सगळ्यात वर, थोडंसं. खाली बाकीचं, आणि त्यात स्टार्च.

"हे खोट्या गोळीचं आहे का?" मी विचारलं.

"नाही काकू, खऱ्याच गोळीचं. औषध तर चिमूटभर असतं. मग गोळी होणार कशी? ती धरून ठेवायला, पोटात गेल्यावर फुटायला स्टार्च घालतात. बहुतेक गोळ्यांत असतं की."

मी तिचं बाइंडिंग उलटं केलं. शेवटचं पान पहिलं लागलं. मी परत करून दिलं, आणि भर दुपारी शटर ओढून घरी आले.

ताटली काढली. रक्तदाबाची गोळी, लघवीची गोळी, थायरॉईडची, आणि डब्यातली साधी तापाची. चार ढिगल्या केल्या आणि चारींवर एकेक थेंब. तीन निळ्या झाल्या. एक पिवळी राहिली, पण त्याने काही वाचणार नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा करतात ते भाताच्या बाबतीत ठीक आहे. मी एकच गोळी चिरडली होती. शेजारी दुसरी ठेवून बघायचं मला सुचलंच नव्हतं, आणि मी कुणाची मुलगी?

मागे बापू उभे होते. दुपारची झोप मोडून पाणी प्यायला आले होते. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"ही कुठली?"

"रक्तदाबाची."

"आन् ही?"

मी चारही सांगितल्या. ते बराच वेळ ताटलीवर वाकून होते.

"दवाखान्याची कुटं हाय?"

"ती आधी बघितली होती. निळी झाली."

"कधी?"

मी बाटलीला झाकण लावलं. बापू समोरच्या स्टुलावर बसले, दम लागला होता. "मग तू काय केलंस?"

"मोरीत टाकल्या."

"किती?"

"एक्केचाळीस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते, भांडण मला जमतं. ते नुसतं म्हणाले, "सही माझी होती गं." मग भिंतीला धरून उठले, पाणी न पिताच आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच रिक्षा बोलावली. दवाखान्यात मी त्या पोरीला सगळं सांगितलं. तिचं पेन मध्येच थांबलं, पण ती रागावली नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, तिने विचारलं आणि लिहिलं. "आजोबांना माहीत होतं?" "नाही." तेही लिहिलं. माझ्या दुकानात मी अशी माणसं कितीतरी पाहिलीत, दुसऱ्याच्या सहीच्या कागदात आपल्या मनाने फेरफार करणारी. त्यांना मी तोंडावर हरामखोर म्हटलेलं आहे. पट्ट्या परत का मागतात ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. अशाच माणसांसाठी मागतात, फक्त मी त्यांच्या पुढची निघाले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आयोडीनचं ऐकल्यावर क्षणभर ओठ दाबून हसले. "या आजाराला हे नाव पडलं ना, ते असंच," ते म्हणाले. "पूर्वी आयोडीन टाकून बघितलं, रंग आला, वाटलं स्टार्च आहे. ते प्रथिन आहे हे नंतर कळलं. तोवर नाव चिकटलं होतं."

कालपासून पहिल्यांदाच बापूंनी मान वर केली. "मोठ्या मोठ्या लोकांचंबी असं व्हतंय म्हना की."

मी डॉक्टरांना विचारलं, "ती खरी होती का? एवढं एकच सांगा."

"मला माहीत नाही."

"अंदाजाने?"

"अंदाजानेसुद्धा नाही. आम्ही कुणीच सांगू शकत नाही."

या वेळी माझा त्यांच्यावर विश्वास बसला, आणि त्याच्याइतकं वाईट मला कधी वाटलेलं नाही. मी औषध ओतलं की पीठ ओतलं, हे अभ्यास संपेपर्यंत कळणार नाही. आणि संपल्यावर कळलं तरी, बापूंचा दम त्या गोळ्यांवाचून वाढला की आजाराने आपल्या चालीने वाढवला, हे कोण सांगणार? त्या दिवसांतलं उत्तर माझ्या मोरीतून गेलं.

बापूंना अभ्यासात राहायचंय का, असं डॉक्टरांनी विचारलं. राहायचंय, बापू म्हणाले. मग काही कागद परत वाचायचे होते, परत विचारायचं होतं. मी सवयीने खुर्ची पुढे ओढली.

"तू भाईर बस," बापू म्हणाले.

मी बाहेर बाकावर बसले. दार लोटलेलं होतं. आतून बापूंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

आता अभ्यासातल्या गोळ्यांची पट्टी बापूंच्या सदऱ्याच्या खिशात असते. अंघोळीला जाताना सदरा न्हाणीघराच्या आतल्या खिळ्याला लावतात. सकाळी मी वाटीत पाच गोळ्या काढून ठेवते, सहावी ते स्वतः काढतात. माझ्याशी नीट बोलतात. भाजीत मीठ कमी पडलं तर सांगतात, दुकान कसं चाललंय विचारतात. फक्त वाटी हातात घेतली की खिडकीपाशी उजेडात जातात, आणि मी दिलेल्या पाचही गोळ्या एकेक करून बोटाने उलटवून बघतात. त्यांच्या जागी मी असते तर मीही बघितल्या असत्या.